आमचा नवा फोन

“काय, नवा फोन कसा आहे?” असें आमच्या एका सहकारी प्राध्यापकांनीं, ज्या दिवशीं आम्हीं तो विकत घेतला त्याच दिवशीं, आम्हांस विचारलें, आणि “बरा आहे” असें सांगून आम्ही मोकळे झालों. त्या गोष्टीस आतां आठ महिने झाले. मध्यंतरीं तोच प्रश्न त्यांनीं आणखी तीन वेळां विचारला आहे. कारण त्यांनाही नवा फोन घ्यावयाचा आहे, आणि दुसऱ्याच्या पैशानें मिळालेल्या अनुभवावर त्यांचा फार विश्वास आहे. परंतु पहिल्या दिवशीं जें उत्तर इतकें सोपें वाटलें तें दिवसेंदिवस कठीण होत चाललें आहे. नव्या वहाणेविषयीं मनुष्याचें मत आठ दिवसांत कायम होतें; ती चावते किंवा चावत नाहीं, तिसरी अवस्था नाहीं. फोनाचें तसें नाहीं. तो ज्या दिवशीं सर्वांत अधिक उपयोगीं पडतो त्याच दिवशीं सर्वांत अधिक चावतो, असा आमचा अनुभव आहे. व म्हणूनच आमच्या मित्रांच्या प्रश्नाचें उत्तर एकदां सावकाशीनें लिहून काढावें असें आम्हीं योजिलें आहे.

सरकारी कागदपत्रांत या वस्तूस ‘भ्रमणध्वनी’ म्हणतात. नांव चांगलें भारदस्त आहे, पण ध्वनि हा या यंत्राचा आतां अगदीं किरकोळ व्यवसाय होऊन बसला आहे. ३ एप्रिल १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मार्टिन कूपर यांनीं हातांत मावणाऱ्या फोनावरून पहिलें संभाषण केलें, तेव्हां त्या यंत्राचें वजन किलोहून अधिक होतें, आणि त्याला बोलण्यावांचून दुसरें कांहींही येत नव्हतें. आपल्या देशांत ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसू यांनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं बोलून या विद्येचा श्रीगणेशा केला. त्या वेळीं आम्ही नुकतेच अध्यापनाच्या धंद्यांत पडलों होतों. आज आमच्या खिशांतील फोन १९० ग्रॅम भरतो, आणि त्याला बहुतेक सर्व कांहीं येतें. त्यावरून आम्ही प्रत्यक्ष बोलतों म्हणाल तर दिवसाकाठीं वीस मिनिटें. उरलेला वेळ त्यांत भ्रमण कोण करतें, फोन कीं आम्ही, हें पुढें ओघानें येईलच.

प्रथम गुण सांगतों. कारण गुण सांगितल्यावांचून दोष सांगणारास कोणी न्यायी म्हणत नाहीं.

पहिला गुण आमच्या डोळ्यांचा. पन्नाशी उलटल्यापासून औषधांच्या गोळ्यांच्या पाकिटावर कोणता महिना व कोणतें साल छापलें आहे तें वाचण्यासाठीं आम्हांस उजेड, चष्मा आणि मुलगी या तिन्हींची एकदम गरज पडत असे. आणि मुलगी तर नोकरीनिमित्त बंगळुरास असते. आतां फोनाचा कॅमेरा त्या पाकिटावर धरावा, पडद्यावर दोन बोटें फांकवावीं, कीं मुंगीएवढें अक्षर झुरळाएवढें होतें. या गुणानें आमचा एक जुना दुराग्रहही नाहींसा केला. वर्गांत फळ्यावरील मजकूर वहींत उतरून न घेतां त्याचें छायाचित्र घेणाऱ्या मुलांवर आम्ही पूर्वीं फार रागावत असूं. ‘हातानें लिहिल्यावांचून डोक्यांत जात नाहीं’ हें आमचें ठरलेलें व्याख्यान होतें. एके दिवशीं तास संपल्यावर मागें राहिलेली एक मुलगी आम्हांस दिसली. तिची दृष्टि अधू. फळ्याचें चित्र फोनावर मोठें करून, तें डोळ्यांपाशीं धरून, ती एकेक ओळ वहींत उतरून घेत होती. दोन वर्षें ती आमच्या वर्गांत बसत होती आणि फळा तिला कधींच दिसला नव्हता, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. तेव्हांपासून तें व्याख्यान बंद आहे.

दुसरा गुण विद्येचा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रथम निघाला आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. ती उचलतांना मनगटास कळ येते, आणि प्रवासांत ती बरोबर नेण्याचें धाडस आम्हीं तरी कोणास करतांना पाहिलें नाहीं. शिकागो विद्यापीठानें ही आवृत्ति सर्वांसाठीं खुली करून ठेवली असल्यामुळें, एस. टी. च्या खिडकीशीं बसून शेजारच्या म्हाताऱ्याच्या तोंडून एखादा अनोळखी शब्द ऐकावा आणि पुढचा थांबा येण्यापूर्वीं त्याचा अर्थ पाहावा, हें सुख आम्हांस या फोनानें दिलें.

तिसरा गुण व्यवहाराचा. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयमुळें आमच्या कोपऱ्यावरील भाजीवालीशीं सुट्या पैशांवरून होणारी रोजची तक्रार बंद पडली. तिच्या टोपलीवर काळ्यापांढऱ्या चौकोनांची एक पाटी टांगलेली असते. जपानांत १९९४ सालीं मासाहिरो हारा यांनीं ही खूण मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठीं तयार केली. ती कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत येऊन पोंचेल हें त्यांच्या स्वप्नींही नसेल. त्या पाटीकडे फोन रोखला कीं पैसे जातात आणि बाई “आलें” म्हणते. पूर्वीं दोन रुपये कमी पडले तर “उद्यां द्या” म्हणे, आणि दुसऱ्या दिवशीं त्या दोन रुपयांच्या निमित्तानें तिच्या नातवाच्या खोकल्याची चौकशी होई. आतां देणें उरत नाहीं. त्यामुळें खोकल्याचें काय झालें तेंही कळत नाहीं. पण हा दोष फोनाच्या पदरीं घालणें अन्यायाचें होईल. नातवाची चौकशी करण्यास आम्हांस दोन रुपयांचें कर्ज असणें कांहीं आवश्यक नव्हतें.

चौथा गुण लिहिण्याचा. जगांतील सर्व लिपींसाठीं जी युनिकोड नांवाची व्यवस्था आहे तींत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीस १२८ घरें राखून ठेविलीं आहेत. त्या पुण्याईनें आज कोणत्याही फोनावर ‘ळ’ उमटतो, आणि ‘दुसऱ्या’ मधला रफार जागच्या जागीं बसतो. मात्र येथें गुणाच्या पाठोपाठ दोषही येतो. आम्ही लहानपणीं घरांतील जुन्या मासिकांचे बांधीव खंड वाचून वाढलों, व त्यामुळें जुने अनुस्वार देण्याची खोड आम्हांस लागली. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनीं ते अनुस्वार गेले हें आम्हांस पूर्ण ठाऊक आहे. वर्गांत आम्ही ते देत नाहीं. पण घरच्या लिखाणांत आम्हीं ‘नाहीं’ असें लिहिलें कीं फोन टिंब पुसलेला शब्द मुकाट्यानें पुढें करतो. आमच्या उत्तरपत्रिकेवर दुसऱ्यानें लाल शाई चालवावी हें, तीस वर्षें स्वतः लाल शाई चालविल्यामुळें, आम्हांस सहन होत नाहीं.

आतां दोष. लहान दोष आधीं घेतों. फोन पुढून कांचेचा, मागून कांचेचा आणि माशासारखा निसरडा आहे. त्यास आवरण घालावें तर तो झब्ब्याच्या खिशांत मावत नाहीं, आणि न घालावें तर खिशांत राहत नाहीं. तो उघडण्यासाठीं आंगठ्याचा ठसा लागतो. कांचेखालून उजेड पाडून आंगठ्यावरील रेघांचें चित्र घेतलें जातें व तें पूर्वींच्या चित्राशीं ताडून पाहिलें जातें. युक्ति उत्तम, परंतु तास संपवून आलेल्या शिक्षकाच्या आंगठ्यावर खडूची भुकटी असते ही गोष्ट ती योजणाराच्या लक्षांत आलेली दिसत नाहीं. ज्या हातावर आमचा चरितार्थ चालतो नेमका तोच हात आमचा फोन ओळखीत नाहीं. शिवाय, त्यांत विकत घेतेवेळींच भरून दिलेल्या कांहीं वस्तु अशा आहेत कीं त्या आम्हांस नकोत आणि काढूनही टाकतां येत नाहींत. भाड्याच्या घरांत मालकानें एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवावी, तसा हा प्रकार. बॅटरी दीड दिवस पुरेल असें दुकानदारानें सांगितलें होतें. त्याचा दिवस बहुधा दुपारीं संपत असावा.

याहून मोठा दोष छायाचित्रांचा. आमचे वडील, ज्यांस आम्ही नाना म्हणतों, ऐंशी ओलांडलेले आहेत. त्यांच्या वाढदिवशीं आम्हीं या फोनावर त्यांचें चित्र घेतलें. हा कॅमेरा एका क्षणांत अनेक चित्रें घेतो, त्यांचें मिश्रण करतो, आणि मग आपल्या समजुतीप्रमाणें चेहरा सुधारून हातीं देतो. नानांच्या कपाळावरील आठ्या गेल्या, गालांवरील सुरकुत्या गेल्या, डाव्या भुंवईखालचा लहानपणींचा व्रणही गेला. नानांनीं चित्र निरखून पाहिलें व विचारलें, “हे गृहस्थ कोण?” मुलीनें बंगळुराहून सांगितल्याप्रमाणें आम्हीं ती सुधारणा नंतर बंद केली, परंतु जो चेहरा झिजवावयास ऐंशी वर्षें लागलीं तो कोणी न सांगतां पुसून टाकण्याचा अधिकार या यंत्रास कोणी दिला, हें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं.

तिसरा दोष आमचा कीं फोनाचा, हें वाचकांनींच ठरवावें. आठवड्याच्या अखेरीस हा फोन, आम्हीं न विचारतां, रोज सरासरीनें किती वेळ आम्ही त्याच्याकडे पाहत होतों तें सांगतो. एका आठवड्यांत त्यानें ४ तास १० मिनिटें असा आंकडा दाखविला. आमच्या महाविद्यालयांतील तास ५० मिनिटांचा. म्हणजे रोज पांच तास आम्ही या फोनाच्या वर्गांत विद्यार्थी म्हणून बसत होतों, आणि काय शिकलों असें कोणी विचारलें असतें तर आम्हांस एक ओळही सांगतां आली नसती. आमच्या वर्गांतील मागच्या बांकावरील मुलांविषयीं आमचें मन त्या दिवसापासून पुष्कळच मवाळ झालें आहे.

हे सर्व दोष मिळूनही आम्ही मित्रांस “घ्या” असेंच म्हटलें असतें. पण गेल्या पावसाळ्यांत एक गोष्ट घडली, आणि आमच्या हिशेबाची वही पुन्हां उघडावी लागली.

रविवारची दुपार होती. जेवणें उरकून आम्ही ओसरीवर बसलों होतों व फोन अर्थातच हातांत होता. नाना झोंपाळ्यावर होते. ते एकाएकीं म्हणाले, “काय रे, पानशेत फुटलें तेव्हां वार कोणता होता?”

पानशेतच्या पुरांत नाना पुण्यास होते हें आम्हांस लहानपणापासून ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ ही तारीख आमच्या घरांत सणाच्या तारखेसारखी उच्चारली जाते. बांधकाम पुरें न झालेलें तें मातीचें धरण, आदल्या रात्रीं जवानांनीं रचलेलीं वाळूचीं पोतीं, सकाळीं आलेली बातमी, मग खडकवासल्याचें जुनें धरणही फुटणें, लकडी पुलावरून वाहणारें पाणी, पर्वतीवर जमलेली माणसें, हें सर्व आम्हीं इतक्या वेळां ऐकलें होतें कीं त्यांतील स्वल्पविरामही आम्हांस पाठ होते. आम्हीं फोनास विचारलें. दोन सेकंदांत उत्तर आलें. मान वर न करतां आम्हीं सांगितलें, “बुधवार.”

“बुधवार,” नाना म्हणाले. “नक्की?”

“नक्की.”

नंतर ते कांहीं बोलले नाहींत. झोंपाळा थोडा वेळ हलत होता. मग तोही थांबला. प्रश्नाचें बिनचूक उत्तर तात्काळ दिल्याचें समाधान मनांत घेऊन आम्ही पुन्हां आमच्या पांच तासांच्या वर्गांत जाऊन बसलों.

रात्रीं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “नाना आज नीट जेवले नाहींत. त्यांना कांहीं सांगायचें होतें. तुम्ही वार सांगून मोकळे झालांत.”

हें बोलणें आम्हांस लागलें. कारण तें खरें होतें. पूर्वीं असा प्रश्न आला असतां आम्हीं “कोणता वार होता बरें?” असें म्हटलें असतें, आणि त्या ‘बरें’ मधून नानांस आंत शिरण्यास वाट मिळाली असती. वडील माणसांचे प्रश्न पुष्कळदां प्रश्न नसतातच. ती दारावरची थाप असते. आम्हीं दार उघडण्याऐवजीं आंतूनच वेळ सांगितली होती.

चूक सुधारावी म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्ही मोठ्या तयारीनें नानांपुढें बसलों. फोनावर ध्वनिमुद्रणाची सोय आहे, ती चालूं करून फोन त्यांच्यासमोर चौरंगावर ठेविला आणि म्हटलें, “नाना, पानशेतची हकीकत पुन्हां सांगा.” नानांनीं फोनाकडे पाहिलें, टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि “माझा जन्म १९४३ सालीं सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत झाला” अशी सुरुवात केली. पंधरा मिनिटें ते सभेंत बोलावें तसें बोलले. त्यांत सर्व माहिती होती, पण नाना नव्हते. तें मुद्रण आमच्याजवळ आहे. तें आम्हीं पुन्हां ऐकलेलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पाऊस लागला होता. फोन आंतल्या खोलींत विजेला लावलेला होता. आम्ही ओसरीवर नुसतेच बसलों होतों. नाना आपण होऊन बोलूं लागले.

नारायण पेठेंत एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेऊन ते कॉलेजांत शिकत होते, हें आम्हांस माहीत होतें. शास्त्र सोडून संस्कृत घ्यावें असें त्यांच्या मनांत होतें, हें मात्र आम्ही प्रथमच ऐकत होतों. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, प्राथमिक शाळेंत मास्तर. पोटास चिमटा घेऊन त्यांनीं मुलास शास्त्र शिकावयास पाठविलेलें. नानांनीं भीतभीत त्यांस पत्र लिहून परवानगी मागितली. आजोबा एरवीं कार्ड लिहीत. या वेळीं उत्तर आलें तें जाड पाकिटांतून.

“मंगळवारीं आलें,” नाना म्हणाले. “हें पक्कें आठवतें, कारण बाईंचा मंगळवारचा उपास होता, आणि पाकीट माझ्या हातीं देतांना त्यांनीं खिचडीचा हात पदराला पुसला होता. तें मीं उघडलें नाहीं. वाटलें, बाबा रागावले असतील. पुस्तकांत घालून ठेवलें. मग पाणी आलें. बाईंना पाठुंगळीं घेऊन बाहेर पडलों. तिसऱ्या दिवशीं परत गेलों तर खोलींत कंबरभर चिखल होता.”

“मग?”

“मग काय! दिवाळींत घरीं गेलों तेव्हां बाबांनीं विचारलें, ‘माझें पत्र पोंचलें ना?’ मीं म्हटलें, पोंचलें. ते म्हणाले, ‘मग ठीक.’ नाहींच म्हटलें असणार, असें समजून मी शास्त्रांतच राहिलों. बाबा पुढें अकरा वर्षें होते. त्यांनीं तो विषय काढला नाहीं, मींही काढला नाहीं.”

नानांनीं पुढें छत्तीस वर्षें एका माध्यमिक शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें. आमच्या घरांत संस्कृताचीं इतकीं पुस्तकें कां, हें कोडें आम्हांस लहानपणापासून होतें.

थोडा वेळ पावसाचाच आवाज होता. मग ते म्हणाले, “माझी इतकीं वर्षें अशी समजूत होती कीं पत्र आलें आणि तासाभरांत पाणी आलें. उघडायला वेळच मिळाला नाहीं. जुनें पंचांग कोठेंही बघायला मिळालें असतें; मीं कधीं बघितलें नाहीं. परवां तूं बुधवार म्हणालास. म्हणजे मधे एक रात्र होती. रात्रभर तें पत्र माझ्या उशाशीं होतें.”

काय बोलावें तें आम्हांस सुचेना. शेवटीं नानाच म्हणाले, “बरें झालें, कळलें. तुझ्या फोनाचा काय दोष? त्यानें खरें तें सांगितलें.”

फोनाचा दोष नाहीं हें आम्हांसही मान्य आहे. त्यानें जें विचारलें तें सांगितलें. कोण विचारतो आणि कशासाठीं, हें पाहण्याचें काम त्याचें नव्हतें, आमचें होतें. साठांहून अधिक वर्षें एका मनुष्यानें जपलेली समजूत आम्हीं दोन सेकंदांत काढून घेतली, आणि ती काढून घेतली हेंही आम्हांस कळलें नाहीं, कारण आमची मान खालीं होती. हीच बातमी आम्ही त्यांच्याजवळ बसून, बोटांवर मोजून, चुकतमाकत शोधून काढली असती, तरी वार बुधवारच निघाला असता. पण मग ती नानांस एकट्यानें ऐकावी लागली नसती.

त्या रात्रीं आम्हांस झोंप येईना. उठून फोन हातीं घेतला तों मुलीचा निरोप पुढें आला. ती अधूनमधून लिहिण्याऐवजीं बोलून निरोप पाठविते. हा निरोप आम्हीं दोन दिवसांपूर्वींच ऐकला होता. मात्र कसा ऐकला तें सांगितलें पाहिजे. असे निरोप दुप्पट वेगानें ऐकण्याची सोय फोनांत आहे, आणि वरिष्ठांचे लांबलचक निरोप कानांवेगळे करण्यास ती फार उपयोगीं पडते. गुणांच्या यादींत ती आम्ही पांचवी घालणार होतों. एकदां लावलेला तो वेग आम्हीं पुन्हां बदललाच नव्हता. मुलीचा तीन मिनिटांचा निरोप आम्हीं दीड मिनिटांत ऐकला होता. त्याचा सारांश, ‘सर्व ठीक आहे’, आम्हीं सौभाग्यवतींस सांगितलाही होता.

या वेळीं आम्हीं तो तिच्याच वेगानें ऐकला. शब्द तेच होते. पण “इकडे सगळें” आणि “ठीक आहे” यांच्यामध्यें एक श्वास होता. तिच्या खोलींतल्या पंख्याचा आवाज तेवढा वेळ येत राहिला होता. दुप्पट वेगांत तो श्वास आम्हांस ऐकूं आला नव्हता. त्या सोयीचा उपयोगच तो.

साडेअकरा वाजून गेले होते आणि बॅटरीचा आंकडा १७ वर आला होता. आम्हीं तिला फोन लावला. पहिल्या घंटेलाच तिनें उचलला.

“बाबा? तुम्ही अजून झोंपला नाहींत?”

“नाहीं,” आम्ही म्हणालों. पुढें काय विचारावें तें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि फोनास विचारून या बाबतींत उपयोग नव्हता. म्हणून आम्हीं विचारलें, “जेवलीस का?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. आणि मग बोलूं लागली. ती काय बोलली तें या पानांसाठीं नाहीं. आम्ही फारसें कांहीं बोललों नाहीं. फोन कानाशीं तापला, तो आम्हीं दुसऱ्या कानाशीं धरला. सौभाग्यवती उठून आल्या व शेजारीं बसल्या; मग त्यांच्या कानाशीं धरला. बोलणें संपलें तेव्हां पाऊणच्या पुढें कांटा गेला होता. त्याच आठवड्याच्या शेवटीं मुलगी चार दिवसांची रजा काढून घरीं आली, आणि त्यांतल्या दोन संध्याकाळी तिनें नानांजवळ बसून त्यांच्याकडून मेघदूत वाचून घेतलें. तें आम्हीं मुद्रित केलें नाहीं.

तेव्हां मित्रांस आमचें उत्तर असें : फोन चांगला आहे, अवश्य घ्या. हातांत खडू असेल तर उघडत नाहीं, चेहरे सुधारण्याची त्याची खोड पहिल्याच दिवशीं बंद करावी लागते, आणि निरोपांचा वेग घेतल्याबरोबर मूळ पदावर आणून ठेवावा. बॅटरीविषयीं मात्र आम्हीं वर जें म्हटलें आहे त्यांत थोडी दुरुस्ती करावी लागेल. १७ च्या आंकड्यावर ती एक तास दहा मिनिटें पुरली, आणि शेवटीं चार उरली होती.